कीर्तनाचा पत्ता छापता, तसा मिटिंगचाही छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी भांडुपला राहते. तुमचा पेपर आमच्या घरी वडील होते तेव्हापासून येतो, आणि हातात आला की आधी 'शहरात आज' हे सदर बघायची मला लहानपणापासूनची सवय. कुठे व्याख्यान, कुठे कीर्तन, कुठे रक्तदान शिबिर, कुठे फुकट डोळे तपासणी, सगळं असतं त्यात. त्याच सदरात एक ओळ वाढवा एवढी विनंती करायला हे पत्र लिहितेय. दारू सोडू बघणाऱ्या लोकांच्या मिटिंगा आज मुंबईत कुठे आहेत, किती वाजता आणि कुठल्या भाषेत, बस. का ते सांगते, थोडं लांबेल पण वाचा प्लीज.

माझा धाकटा भाऊ. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. फिटरचं काम करतो, हात सोन्यासारखा आहे त्याचा. कामाला लागल्यावर शनिवारची क्वार्टर सुरू झाली, मग रोजची, मग सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या लागायला लागली. आम्हाला कळायला खूप उशीर झाला, म्हणजे पितो हे माहीत होतं पण हा आजार आहे हे नव्हतं माहीत. वहिनी सांगायची की पाकीट लपवते, मग तो भांडतो, मग रडतो, पाया पडतो, दोन दिवस घेत नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी मोठी बहीण म्हणून ओरडायचे, कधी बोलणं टाकायचे. मुलांसमोर त्याला काय काय बोललेय ते आठवलं की आता झोप लागत नाही.

जे जे लोकांनी सांगितलं ते सगळं केलं. एकवीरेला नवस बोलले, देवासमोर शपथ घ्यायला लावली. माळ घाल म्हणून मागे लागलो, माळेला मी नावं ठेवणार नाही, कारण आमच्या चिपळूणच्या मामाची दारू खरंच माळेने सुटली होती, मेला तोपर्यंत थेंब घेतला नाही. पण आता मागे वळून बघताना वाटतं की मामाला माळेसोबत दिंडी मिळाली होती. दर एकादशीला भजनाला बसणारी दहा-पंधरा माणसं, एखादी एकादशी हा आला नाही तर घरी बघायला येणारी. माझ्या भावाच्या गळ्यात नुसती माळ पडली, माणसं नाही मिळाली. नवव्या दिवशी माळ देव्हाऱ्यात ठेवून निघून गेला तो.

मग ते लोकलच्या डब्यातले स्टिकर. 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत', खाली मोबाईल नंबर. लेडीज डब्यात तर दर दोन दारांमागे एक असतो, त्यांना बरोबर माहितीय कोण वाचणार ते. मी फोन केला, तीन हजार रुपये भरले, पावडर आली, आणि वहिनी आणि मी मिळून ती डाळीत कालवून त्याला देत होतो. काय होतं त्यात देव जाणे, पुडीवर काही छापलेलं नव्हतं. नंतर डॉक्टर मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. डायसल्फिराम म्हणून एक गोळी असते, ती घेतलेली असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी एकदम पडतं, जिवावर बेतू शकतं. ती पेशंटला नीट सांगून, त्याच्या मर्जीने, डॉक्टरच्या नजरेखाली द्यायची असते, आणि नकळत देणाऱ्या पुड्यांमध्ये ती नसेलच असं कोणी सांगू शकत नाही. माझ्या हातून भाऊ गेला असता हो. बायांनो, हे वाचत असाल तर असलं काही देऊ नका.

ए.ए. हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या ऑफिसातल्या एका मॅडमकडून. अल्कोहोलिक्स अनॉनिमस. अमेरिकेत 1935 साली एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने खंगलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. आपल्या देशात 1957 पासून आहे. फी नाही, हजेरी नाही, आडनाव विचारत नाहीत, आत यायला एकच अट, दारू सोडायची इच्छा पाहिजे. हे सगळं ऐकून मी म्हटलं मग अडलंय कुठे, घेऊन जाते. कुठे असते मिटिंग? तर मॅडमना माहीत नव्हतं. त्यांचा भाऊ गोव्याला जायचा.

इथून जवळजवळ तीन वर्षं गेली साहेब. कोणी म्हणे चर्चमध्ये असतात, आपल्याला घेतील का. कोणी म्हणे बांद्र्याला कृपा फाउंडेशन, कोणी म्हणे पुण्याला मुक्तांगण, येरवड्याला, डॉ. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 ला सुरू केलं ते. ही नावं मोठी आहेत, कामही मोठं आहे, पण तिथे राहून उपचार घ्यायचे तर माणूस तयार पाहिजे, आणि हा तर 'मला काय झालंय' असंच म्हणायचा. शिवाय बरं होऊन घरी आल्यावर रोज संध्याकाळी सात वाजता काय करायचं हा प्रश्न उरतोच की. फोनवर शोधलं तर आधी पैसे घेणाऱ्या सेंटरांच्या जाहिराती. आणि मुख्य म्हणजे कोणाला विचारायचं, आणि विचारताना काय सांगायचं? सोसायटीत विचारलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांवर बातमी. विचारायला लागतं ना, तिथेच गाडी अडते. पेपरात छापलेलं असतं तर मी न विचारता वाचलं असतं, वहिनीने वाचलं असतं, कदाचित त्यानेही संडासात पेपर नेऊन गुपचूप वाचलं असतं.

शेवटी एका मैत्रिणीकडून एक झेरॉक्स मिळाली, मिटिंगांच्या पत्त्यांची, कुठल्या सालची होती कोणास ठाऊक, घड्यांवर अक्षरं गेलेली. त्यात आमच्या लाईनवरच्या एका महापालिकेच्या शाळेचं नाव होतं, मंगळवार, संध्याकाळी 7.

आता हे नीट ऐका. 19 नोव्हेंबर 2024, मंगळवार. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान. मतदान संपायच्या आधीचे 48 तास दारूची दुकानं, बार सगळं बंद असतं, ड्राय डे. त्याने घरात ठेवलेली संपली होती. सकाळपासून घाम, हात थरथरतायत, चहाचा कप धरता येईना, आणि दुपारी त्याने मला स्वतःहून फोन केला की ताई तू म्हणत होतीस ना कुठेतरी जाऊया, चल. किती वर्षांनी पहिल्यांदा तो स्वतः म्हणाला होता. मी हाफ डे टाकून आले, त्याला आंघोळीला लावलं, इस्त्रीचा शर्ट घातला त्याने, रिक्षाने गेलो. शाळेच्या गेटवर पोलीस. आतमध्ये मतदानाच्या मशिनी उतरत होत्या, वर्गांवर बूथचे नंबर चिकटवलेले. मिटिंग कुठेय विचारलं तर हवालदार म्हणाले, इथे उद्या मतदान आहे, आज आत कोणालाच सोडत नाही. त्यांचीही चूक नाही. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, बघ ताई, माझ्यासाठी इथेपण दार बंदच आहे. मी म्हटलं पुढच्या मंगळवारी येऊ. रिक्षातून परत येताना सिग्नलला तो उतरला आणि गेला. ड्राय डेलासुद्धा गल्लीत दुप्पट पैशाला मिळते हे मला त्या रात्री कळलं.

त्या एका बंद दारानंतर चार महिने गेले. पुढच्या मंगळवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ज्या माणसाला दारू सोडायची इच्छा वर्षातून एकदा, एका संध्याकाळपुरती होते ना, त्याच्यासाठी पत्ता बरोबर असणं आणि दार उघडं असणं याच्याइतकं मोठं काही नसतं, हे मी अनुभवाने सांगतेय.

मार्च 2025 मध्ये त्याने कोणाला न सांगता एकदम बंद केली. आम्हाला आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी मोरीत फीट येऊन पडला. हेही लोकांना माहीत पाहिजे म्हणून लिहिते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम तोडली तर शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फीट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, त्यात माणूस दगावू शकतो. तेव्हा आधी डॉक्टर आणि मग मिटिंग. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपरचे थोडे पैसे, बाकी काही नाही. मिटिंग म्हणजे औषध नव्हे, तिथले लोकही हेच सांगतात. आमच्या भावाला ज्या हॉस्पिटलात ठेवलं तिथे त्याला व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं आणि झोपेची औषधं देऊन व्यवस्थित बाहेर काढलं, त्या नर्सेसचे उपकार विसरणार नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर शेवटी काय लिहिलं होतं, तर 'अटेंड ए.ए.'. दोन शब्द. कुठे, कधी, काही नाही. मी काउंटरवर विचारलं, तर म्हणाले बघा तुमच्या एरियात असेल.

आणि होतीच हो! आमच्याच एरियात होती. वॉर्डात दर आठवड्याला एक गृहस्थ यायचे, पांढरा शर्ट, पिशवीत पत्रकं, पेशंटच्या बाजूला स्टूल ओढून बसायचे. आम्हाला वाटलं समाजसेवक असतील. ते स्वतः एकेकाळचे पिणारे, आता बरेच वर्षं सोबर, आणि हॉस्पिटलात जाऊन बसणं हा ए.ए.च्या बारा पायऱ्यांमधल्या, म्हणजे दारूपासून दूर राहायच्या त्यांच्या टप्प्याटप्प्याच्या वाटेतल्या, शेवटच्या पायरीचा भाग. त्यांनी भावाला एकदाही 'सोड' म्हटलं नाही. स्वतःचंच सांगत बसले, पगाराच्या दिवशी बायको गेटवर कशी उभी राहायची ते. जाताना कागदावर लिहून दिलं, गुरुवार आणि रविवार, अमुक शाळा, तळमजल्यावरचा वर्ग. मी वाचलं आणि तिथेच बसले. माझ्या मुलीची शाळा. चौथीपर्यंत ती तिथे शिकली, भाजी मार्केटच्या मागे, आमच्या बिल्डिंगपासून चालत सात मिनिटं. तिला आणायला ज्या गेटवर उभी राहायचे, त्याच गेटमधून संध्याकाळी ही माणसं आत जात होती, आणि मी तीन वर्षं मुंबईभर शोधत होते.

पहिल्या दिवशी मी त्याच्यासोबत गेले. ती क्लोज्ड मिटिंग होती, म्हणजे फक्त पिणाऱ्यांसाठी, घरच्यांना आत बसता येत नाही, मला हे माहीत नव्हतं. पण कोणी तोडून बोललं नाही, एक वयस्कर काका बाहेर आले, म्हणाले ताई तुम्ही इथे बाकावर बसा, तो आत आहे, आता तुम्ही दम घ्या. मला टपरीवरचा चहा आणून दिला. खिडकीतून दिसत होतं, दुसरीच्या मुलांची बाकडी, त्यावर गुडघे वर करून बसलेली मोठी मोठी माणसं, फळ्यावर सकाळचे वजाबाकीचे हिशोब तसेच. एक रिक्षावाले, एक बँकेतले वाटावेत असे, एक बाई पण होती. बाईमाणसाचं पिणं आपल्याकडे कोणी बोलतच नाही, ती तर माझ्या भावापेक्षा दहापट लपून आली असणार. एकेक जण आपलं बोलतो, मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकायचे, त्यातच चहा आणि वर्गाचं भाडं. मग सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात. तास-दीड तासाने भाऊ बाहेर आला तेव्हा काही बोलला नाही, नाक्यापर्यंत गप्प, मग म्हणाला, ताई त्यातला एक जण पण पावभाजीच्या पार्सलमध्ये क्वार्टर लपवून आणायचा. मला वाटायचं ही युक्ती फक्त माझी. बस एवढंच म्हणाला. पण रविवारी स्वतः गेला.

आज त्याला सोबर राहून चौदा महिने झाले. मध्ये एकदा स्लिप होता होता वाचला, हळदीच्या कार्यक्रमात, तेव्हा त्याने बाहेर येऊन त्याच्या स्पॉन्सरला, म्हणजे ग्रुपमधल्या त्याला सांभाळून घेणाऱ्या जुन्या सभासदाला, फोन लावला, आणि तो माणूस विक्रोळीहून निघून तिथे आला. गटारीला, थर्टी फर्स्टला ते लोक जास्तीची मिटिंग ठेवतात. वर्ष झालं तेव्हा ओपन मिटिंग होती, आम्ही सगळे गेलो, केक कापला, वाढदिवसच म्हणतात त्याला. माझी मुलगी तिच्याच जुन्या वर्गात मागच्या बाकावर बसली होती. वहिनी आता अल्-अनॉनला जाते, म्हणजे घरच्यांची वेगळी मिटिंग, ती 1951 मध्ये सुरू झाली, पिणाऱ्यांच्या बायकांनीच केली. पाकीट लपवायचं नाही, बाटली ओतून द्यायची नाही, ऑफिसला खोटा फोन करायचा नाही, हे ती तिथे शिकली. मीही दोनदा गेले, पुन्हा जाणार आहे.

तुम्ही म्हणाल एका घराचं झालं म्हणून सगळ्यांचं होईल का. सगळ्यांचं नाही होत, आमच्या ओळखीतला एक जण सहा महिने येऊन पुन्हा गेला. पण 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं, असं सगळं एकत्र तपासून बघितलं, आणि पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्या पद्धतीचे उपचार इतर नावाजलेल्या उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस निघाले. आणि आपल्याकडची गत बघा, 2019 मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून केलेला देशभराचा सर्व्हे प्रसिद्ध झाला, त्यात दारूच्या पूर्ण विळख्यात असलेले लोक जवळजवळ 3 कोटी, आणि त्यातल्या 38 जणांमागे फक्त एकाला कसलातरी उपचार मिळालेला. बाकीच्या 37 घरांत कोणीतरी डाळीत पावडर कालवतंय.

मला एक शंका होती म्हणून भावाच्या ग्रुपमधल्या काकांना विचारलं, की तुमचं तर सगळं गुप्त, मग पेपरात छापलेलं चालेल का. ते म्हणाले, गुप्त माणूस असतो, खोली नाही. त्यांच्या परंपरेत आहे, पेपर, रेडिओ, सिनेमा यात सभासदाचं नाव आणि चेहरा द्यायचा नाही. पण मिटिंग कुठे आहे ते कळलंच नाही तर येणारा येणार कसा? जाहिरात मात्र ते कधी देणार नाहीत, कारण बाहेरून देणगी घेतच नाहीत, डब्यातल्या दहा-वीस रुपयांवर चालतं सगळं. पावडरवाल्यांकडे डबेच्या डबे स्टिकर लावायला पैसे आहेत, यांच्याकडे नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतेय, तुम्ही फुकट छापा.

रोज सगळ्या मुंबईची यादी नको, जागा नसते मला कळतं. सोमवारी दक्षिण मुंबई, मंगळवारी मध्य रेल्वेची लाईन, बुधवारी हार्बर असं वाटून दिलं तरी चालेल. स्टेशनचं नाव, वेळ, भाषा, आणि ओपन की क्लोज्ड, एवढं पाहिजेच. भाषा विसरू नका, चुकून इंग्लिश मिटिंगला गेलेला आमच्यासारखा माणूस दुसऱ्यांदा येणार नाही. आणि खाली दोन नंबर कायमचे ठेवा, 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा, आणि 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतीचा, दोन्ही फुकट आहेत. आणि महापालिकेच्या शाळांचं कोणी अधिकारी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, मतदान, परीक्षा, रंगकाम, कशासाठीही संध्याकाळचा वर्ग बंद राहणार असेल तर गेटवर एक कागद लावा, आज मिटिंग नाही, त्याऐवजी अमुक ठिकाणी आहे. एक कागद, बाकी काही नको. 19 नोव्हेंबरला तो असता तर आमचे चार महिने वाचले असते, आणि ती फीटही.

यादी बदलत राहते हे खरंय, म्हणून जुनी झेरॉक्स छापू नका, दर महिन्याला त्यांच्याकडून विचारून घ्या, भायखळ्याला त्यांचं देशाचं मुख्य ऑफिस आहे, म्हणजे मुंबईतच आहे. आमच्या भागातल्या मिटिंगांचं या महिन्याचं वेळापत्रक सोबत जोडलंय, काकांना दाखवून, बरोबर आहे ना विचारूनच. मे महिन्यात शाळेला सुट्टी असली की वर्ग बदलतो, तेव्हा नवीन कळलं की मी पुन्हा लिहीन.

तुमची जुनी वाचक,
एक बहीण, भांडुप
(नाव छापू नये, भावाला विचारून पत्र पाठवलंय)